उताराची जागा

आमची गाडी उतारावरच उभी करायची, हे आमच्या घरात कुत्र्यालाही माहीत आहे. कुत्रंसुद्धा तिथं झोपत नाही. पाहुणा येवो, ट्रॅक्टर येवो, घराशेजारच्या टेकाडावरची ती झाडाखालची जागा मोकळी ठेवायची, कारण आमच्या पिकअपचा सेल्फ मेलाय. चावी फिरवली की नुसतं टक् होतं आणि गप्प. मग तिला उतारावरून गडगडत सोडायचं, दुसऱ्या गिअरमध्ये क्लच सोडायचा, की म्हातारी एक आचका देते, खोकते आणि चालू होते. म्हातारी म्हणजे आमची गाडी. मिस्त्रीनं किती वेळा सांगितलं, नवा सेल्फ बसवा. मामंजी, म्हणजे माझे सासरे, म्हणतात, "उतार फुकटचा आहे ना? मग सेल्फ विकत कशाला?" घरचा व्यवहार त्यांच्या हातात. विषय संपला.

म्हातारी मी चालवते. आधी नवरा चालवायचा. दुधाचे कॅन उचलून उचलून त्याची कंबर कामातून गेली. डॉक्टर म्हणाले, वजन उचलायचं नाही, धक्काबिक्का मारायचा नाही. मग मी शिकले. पहिल्या दिवशी गोठ्याची भिंत पाडली तेव्हा सगळी वस्ती पोट धरून हसली. आता त्याच वस्तीचं सगळं दूध मीच डेअरीवर नेते. रोज पहाटे म्हातारीला उतारावरून सोडायची, घरोघरचे कॅन घ्यायचे आणि ऊन चढायच्या आत डेअरी गाठायची.

यंदा उन्हाळ्यानं कहर केला होता. सकाळचा चहा होईस्तोवर पत्रा हात लावू देत नव्हता. दूध काय, डोळ्यांदेखत नासायचं. मागच्या आठवड्यात वाटेत चाक पंक्चर झालं, उशीर झाला, आणि सगळं दूध परत आलं. डेअरीवरच्या तपासनिसानं सगळ्यांसमोर मला सुनावलं, "बाई, आता एकदा जरी उशीर झाला तर फेरी दुसऱ्याला. टेंपोवाला विचारून गेलाय." मी मान खाली घालून ऐकून घेतलं. मला मान खाली घालायची सवय नाही, म्हणून लक्षात राहिलं.

त्यात घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं, तसे धाकटे भाऊजी आले. शहरात असतात. नवी गाडी घेतली होती, ती वडिलांना दाखवायला जाऊबाईंना घेऊन आले.

मी आणि नवरा चारा आणायला गेलो होतो. संध्याकाळी म्हातारीच्या हौद्यात चारा भरून परत आलो, तर उतारावर ते धूड उभं. पांढरंशुभ्र, माझ्या डोक्यापेक्षा उंच, समोरून बघितलं तर कुणीतरी दात विचकून हसतंय असं वाटावं. मामंजी उपरण्यानं त्याची धूळ पुसत होते. माझ्या म्हातारीची काच त्यांनी आयुष्यात कधी पुसली नाही.

"ये ये सूनबाई, बघ तरी," मामंजी म्हणाले. "दार उघडलं की आत आपोआप दिवा लागतो. बसलं की गादी कंबर धरते."

"गाडी छान आहे," मी म्हटलं. "पण भाऊजी, ती जागा म्हातारीची आहे. तिला सकाळी तिथूनच सोडावी लागते."

"अजून सेल्फ बसवला नाही?" भाऊजी हसले. "वहिनी, तिला आता भंगारात द्या. काय ते ठिगळ लावत बसता!"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ज्या हौद्यात बसून हा माणूस शाळेत गेला, ज्या स्टिअरिंगवर गाडी शिकला, ते ठिगळ. माझ्या लग्नानंतर याचंच सामान शहरात पोचवायला नवरा म्हातारी घेऊन गेला होता, कपाट, गादी, स्टुलं सगळं वर बांधून. तेव्हा ठिगळ दिसलं नव्हतं.

"द्यायची तेव्हा देऊ," मी म्हटलं. "आज जागा द्या."

"उन्हात रंग उडतो हो. इथं एकच तर झाड आहे."

"उद्या सकाळी काय ऊन लागणार आहे? मी निघाले की लावा परत."

"आता कुठं परत हलवू? दमून आलोय. तुम्ही निघायच्या आत काढतो. शब्द दिला."

मी नवऱ्याकडे बघितलं. तो चाऱ्याच्या पेंढ्या मोजल्यासारखं करत होता. भावासमोर हा माणूस जन्मभर मूग गिळून बसलाय.

"एका दिवसाचा प्रश्न आहे," तो हळूच म्हणाला. "काढेल तो."

मीही मूर्ख. म्हातारी अंगणात सपाटीवर, गोठ्यापाशी उभी केली आणि इंजिन बंद केलं.

पहाटे उठले, धारा काढल्या, आमचे कॅन भरले. ते धूड उतारावर तसंच. भाऊजींच्या खोलीचं दार आतून बंद. मी कडी वाजवली, तर मामंजी धावत आले.

"अगं, झोपू दे ना त्यांना! एवढ्या लांबून गाडी चालवत आलाय तो."

"शब्द दिलाय त्यांनी, काढतो म्हणून."

"काढेल, उठला की काढेल. तोवर ढकला की जरा तुमची. सपाटीवरून चालू होत नाही का कधी?"

होते. चार दांडगे गडी असले तर होते. आम्ही होतो मी, माझा तुटक्या कमरेचा नवरा आणि एक कुत्रं. मी परत कडीकडे हात नेला, तसा नवरा म्हणाला, "राहू दे. तमाशा नको. तू आत बस, मी लावतो धक्का."

"डोकं फिरलंय का तुमचं?"

"बस म्हणतो ना. उजाडायला लागलं."

माझी चूक एकच झाली, मी बसले. चावी फिरवून ठेवली, दुसरा गिअर टाकला, क्लच दाबून धरला. मागून नवऱ्याचा श्वास ऐकू येत होता. म्हातारी हलली, चाकं कुरकुरली, आम्ही फाटकाच्या दिशेनं सरकायला लागलो. फाटकाकडे जायचं म्हणजे त्या धुडाच्या नाकासमोरून जावं लागतं. तिथं पोचतोय तोच मामंजी मध्ये येऊन उभे राहिले. दोन्ही हात पसरून, पाठ नव्या गाडीला लावून.

"सांभाळ! सांभाळ! घासेल!"

मला वाटलं धक्का द्यायला आलेत. अहो, त्यांचा थोरला मुलगा मागं घामाघूम झालाय, त्याच्या पोटऱ्या थरथरतायत, आणि बाप हात पसरून पत्र्याची राखण करतोय! मी स्टिअरिंग वळवलं, क्लच सोडला. म्हातारीनं आचका दिला आणि जागीच मेली. त्याच वेळी मागून एक आवाज आला. माणसाचा तसा आवाज मी पहिल्यांदाच ऐकला.

उतरून बघते तर नवरा मागच्या फाळक्याला धरून अर्धवट वाकलेला. चेहरा राखेसारखा. ना उभं राहता येतंय, ना बसता.

"काही नाही," तो म्हणाला. "कट् झालं जरा."

त्याला मी आणि मामंजींनी काखेत धरून भिंतीच्या सावलीला जमिनीवरच निजवलं. आरडाओरडा ऐकून भाऊजी डोळे चोळत बाहेर आले.

"काय झालं? मला उठवायचं ना!"

मी काय बोलले ते सगळं इथं सांगत नाही. एवढंच सांगते की जाऊबाईंनी कानावर हात ठेवले.

एव्हाना वस्तीवरच्या बायका कॅन घेऊन आमच्याच फाटकाशी आल्या होत्या. गाडी का आली नाही ते बघायला. पुढं होत्या काकू. पलीकडच्या घरातल्या, एकट्याच राहतात, एकच गाय आहे आणि त्या गायीवर त्यांचं सगळं चालतं.

"काय गं, दूध काय डोक्यावर नेऊ का डेअरीत?" काकूंनी बाहेरूनच हाळी दिली.

मी भाऊजींकडे वळले. "तुमच्या गाडीत घाला कॅन. चला."

"वहिनी, त्यात कसे बसतील?"

"मागं केवढी जागा आहे! काल मामंजींना दाखवत होता ना?"

त्यांनी मागचं दार उघडलं. बटणावर, सावकाश, आवाज करत. काकूंनी आणि मी एक कॅन उचलला. म्हातारीचा फाळका पाडला की हौदा माझ्या कमरेला लागतो, कॅन टेकवायचा आणि सरकवायचा. इथं उचलला तर काठ छातीला. कसाबसा वर नेला, तर कॅनचं तोंड छताला अडलं. आडवा घातला तर दूध सांडणार. जाऊबाई म्हणाल्या, "अहो, तो गालिचा आहे, वास जन्मात जाणार नाही." एवढं मोठं धूड आणि एक कॅन उभा राहत नाही त्यात! नाव मोठं, लक्षण खोटं.

"मग दोर बांधा आणि म्हातारीला ओढा," मी म्हटलं. "चालू झाली की सोडा."

भाऊजी पुढं वाकले, मागं वाकले. दोर कशाला बांधायचा तेच सापडेना. "याचा हूक कुठंतरी आत असतो," म्हणाले. "आणि बंपर प्लास्टिकचा आहे, तुटेल."

काकूंनी पदर खोचला. "बाजूला व्हा. ए बायांनो, या गं इकडं! शोभेची वस्तू राहू दे शोभेला."

सगळ्या बायका म्हातारीच्या मागं लागल्या. भाऊजीही आले एका कोपऱ्याला, हात लावल्यासारखं करत. म्हातारी फाटकातून बाहेर गेली, रस्त्यावर वेग धरला, मी क्लच सोडला आणि ती खोकली, शिंकली आणि चालू झाली. मागं बायका हसत होत्या, शिव्याही देत होत्या. काकूंच्या पायातली एक चप्पल तुटली होती.

आता ती बंद करून चालणार नव्हतं. म्हातारीला दुसरी खोड आहे, उभ्या उभ्या ठेवली तर जीव सोडते. ॲक्सिलरेटरवर पाय लावूनच बसावं लागतं. मी तशीच बसून ओरडले, "भाऊजी, तुमच्या दादांना दवाखान्यात न्या. आत्ताच्या आत्ता. तेवढं तरी तुमच्या गाडीत मावतं ना?"

"नेतो वहिनी, नेतो. तुम्ही जा."

नवऱ्याला असं जमिनीवर टाकून जायचं माझ्या जिवावर आलं होतं. पण बायकांनी कॅन चढवले होते, सगळ्या वस्तीचं दूध मागं उभं होतं. मी गेले.

डेअरीवर पोचले तेव्हा ऊन चढलं होतं. तपासनिसानं एकेका कॅनमध्ये नाक घातलं. मी गाडीतच, पाय दाबून. दोन कॅन त्यानं बाजूला काढले. एक आमचा होता, एक काकूंचा. बाकीचं घेतलं.

"आज घेतलं," तो म्हणाला. "उद्या जर वेळेवर आली नाहीस, तर फाटकातूनच परत पाठवीन. टेंपोवाल्याला उद्या बोलावून ठेवलंय, सांगून ठेवतो."

"उद्या वेळेवर येईन," मी म्हटलं. मनात फक्त उतार दिसत होता.

घरी आले तर दुपार व्हायला आली होती. फाटकातून बघितलं आणि माझा माझ्या डोळ्यांवर विश्वास बसेना. धूड उतारावर तसंच, झाडाच्या सावलीत. आणि नवरा भिंतीशी, जमिनीवर, तसाच. भिंतीची सावली सरकून गेली होती. तो उन्हात पडला होता आणि मामंजी त्याच्यावर छत्री धरून उकिडवे बसले होते.

"काकू!" मी हाक मारली. काकू चप्पल शिवत त्यांच्या दारात बसल्या होत्या. "इथं येऊन बसा. या पट्टीवर पाय दाबून धरा. सोडायचा नाही."

"मी? बाई गं, पळाली तर?"

"नाही पळत. धरा!"

काकू देवाचं नाव घेत चढून बसल्या. मी धावले.

"नेलं का नाही?"

मामंजी खाली बघत होते. नवराच बोलला, ओठ सुकलेले. "चढता आलं नाही गं. पायरी उंच आहे त्याची. पाय उचलला की जीव जातोय."

"मग मागची सीट आडवी करून निजवायचं!"

"करणार होतो वहिनी," भाऊजी घरातून बाहेर आले. हातात प्लास्टिकचा मोठा कागद होता, घडी घातलेला. "हाच शोधत होतो. दादाच्या अंगाला सगळं शेण लागलंय ना, आणि सीट अगदी फिक्या रंगाची. हे वर अंथरलं की नेऊ."

सकाळपासून! सकाळपासून हा माणूस सीटवर अंथरायला कागद शोधत होता, आणि माझा नवरा, याचा सख्खा भाऊ, अंगणात मातीत पडून होता. शेण लागलंय म्हणे. त्याच शेणामातीतून याची फी गेली, याची पुस्तकं आली, लग्न झालं.   मी त्यांच्या हातातला तो कागद ओढून घेतला, चुरगाळला आणि त्यांच्या पायावर फेकला.

"घाला तुमच्या गाडीला," मी म्हटलं. "तिला थंडी वाजेल."

मग मी फाळका पाडला. हौद्यात पोती टाकली, त्यावर वाळला चारा. बायकांना हाका मारल्या. खाट आणली, नवऱ्याला अलगद खाटेवर घेतलं, चौघींनी चार कोपरे धरले. म्हातारीचा हौदा कमरेएवढा. खाटेचे पाय टेकवले आणि सरकवली. कॅन सरकवते तशी. नवऱ्याच्या तोंडून हूं का चूं झालं नाही.

काकूंच्या जागी मी बसले, मामंजी छत्री घेऊन मागं चढले. मी म्हटलं नव्हतं. सगळ्या वाटेत त्यांनी एका हातानं खाट धरली आणि एका हातानं छत्री. आरशात मला दिसत होतं.

दवाखाना सपाटीवर. दवाखान्यातल्या माणसांनी खाट आत नेली, मलाही आत जायचं होतं. मामंजी हौद्यातून उतरत होते.

"इकडं या," मी म्हटलं. "इथं बसा. हा पाय इथं. दाबून धरायचा. बंद पडली तर आपण इथंच."

ते चढून बसले.

डॉक्टर माझ्यावरच खेकसले. मणक्याची चकती आहे त्या जागी राहिली नाही, म्हणाले, धक्का मारायला सांगितलं कुणी? ठेवून घ्यावं लागेल. हलायचं नाही. नवऱ्यानं माझा हात धरला. "उद्याची फेरी?" एवढंच विचारलं. त्याला स्वतःच्या कमरेपेक्षा त्याची काळजी.

"होईल," मी म्हटलं. "तुम्ही गप पडा."

बाहेर आले तेव्हा ऊन उतरलं होतं. मामंजी तसेच बसून होते. कपाळावरचा घाम मानेवरून सदऱ्यात गेला होता, आणि पट्टीवरचा पाय गुडघ्यापासून लटलट कापत होता. दुपारपासून सोडला नव्हता. मी दार उघडलं तर त्यांना पटकन उतरताही येईना. मी हात दिला.

"थोरला कसा आहे?"

"ठेवून घेतलाय."

वाटेत मामंजी गुडघा चोळत बसले होते. 

घरी आलो. उतारावर धूड तसंच. भाऊजी आणि जाऊबाई खुर्च्या टाकून अंगणात बसले होते. जाऊबाई उठून दोन पावलं पुढं आल्या. "दादांचं कसं आहे?" त्यांनी तरी विचारलं, खोटं कशाला बोलू.

मी गाडी फिरवली, तोंड फाटकाकडे केलं. म्हातारीला उतारावर मागं मागं घेत चढवायची असते. धूर सोडत उभी राहिले. "भाऊजी, जागा द्या."

"वहिनी, आता सकाळी निघणारच आहोत. आज शप्पथ, तुमच्या आधी उठतो. आणि जरा बंद करा ना ती, धूर सगळा गाडीवर चाललाय."

"बंद केली तर उद्या चालू होत नाही."

"अहो, पण एका रात्रीसाठी कशाला..."

मामंजी खाली उतरले. पाय ओढत म्हातारीच्या मागं गेले, बरोबर त्याच जागी, जिथं सकाळी हात पसरून उभे होते. मला वाटलं, झालं, परत सुरू. त्यांनी त्या पांढऱ्या पत्र्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. हात उचलला, आणि मागं ये, मागं ये, अशी खूण करायला लागले.

"घे सूनबाई. घे मागं."

"बाबा!" भाऊजी उठले. "अहो, लागेल!"

"घे," मामंजी ओरडले. त्यांचा आवाज फाटला होता. "घासली तर घासू दे!"

मी मागचा गिअर टाकला. खरंच टाकला. म्हातारी गुरगुरत मागं निघाली आणि भाऊजी अनवाणी चावी घेऊन धावले. ते धूड असं चटकन हललं की काय सांगू. सकाळपासून जे जमत नव्हतं, ते एका दमात जमलं. उघड्या सपाटीवर, गोठ्यापाशी जाऊन उभं राहिलं.

मी म्हातारीला तिच्या जागेवर नेलं. मामंजींनी वाकून चाकाखाली दगड लावला, पायानं ठोकून बघितला. मी चावी फिरवली. सकाळी चालू झाल्यापासून पहिल्यांदाच ती गप्प झाली.

"उद्या मिस्त्रीला बोलावतो," मामंजी खिडकीशी येऊन म्हणाले. "सेल्फ बसवून टाकू."

"बोलवा," मी म्हटलं. "पण ही जागा तरीही मोकळीच राहील."

ते मान हलवून घरात गेले. मी फाळका पाडला, पोती झटकली आणि उद्याचे कॅन घासायला घेतले.